डोळ्यांआधी पोचलेलं चित्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी साताऱ्याजवळच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. पाचवी ते दहावीचे वर्ग माझ्याकडे असतात. मुलांच्या हातात मोबाईल आल्यापासून पालकसभेत माझ्यासमोर फोटो, रील, फिल्टर यांचेच प्रश्न येतात. काही तर इतक्यांदा येतात की त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून काढावीत असं वाटलं. या गोष्टी मोबाईलच्या कितीतरी आधी सुरू झाल्या आहेत, त्यामुळे काही उत्तरं जरा मागून सुरू होतात.

चित्रं आपली नजर घडवतात, म्हणजे नेमकं काय होतं?

पाचवीच्या पहिल्या तासाला मी मुलांना 'आपल्या गावाचं चित्र काढा' एवढंच सांगते. तासाच्या शेवटी चाळीसेक कागद गोळा होतात आणि जवळपास सगळ्यांवर तेच असतं. दोन-तीन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून डोकावणारा अर्धा सूर्य, डोंगरातून निघून कागदाच्या तळाकडे रुंदावत येणारी नदी, काठावर उतरत्या छपराची झोपडी, एक वाकलेलं नारळाचं झाड आणि आभाळात बरोबरच्या खुणेसारखे पक्षी.

आमच्या वर्गाच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो. त्याचा माथा सपाट आहे. यवतेश्वरचं पठार सपाट, सज्जनगडाचा माथाही तसाच. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झाला. वरचा कठीण थर टिकला, बाजू झिजत गेल्या. म्हणून आपल्याकडचे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आणि वरून सुरीनं कापल्यासारखे दिसतात. त्रिकोणी टोकाचा डोंगर यातल्या बहुतेक मुलांनी डोळ्यांनी पाहिलेलाच नाही. तरी कागदावर उतरतो तो त्रिकोणच.

एकदा एका मुलीला मी म्हटलं, "जरा बाहेर बघ. अजिंक्यताऱ्याला टोक आहे का?" ती खिडकीशी जाऊन बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "बाई, तो किल्ला आहे. डोंगर वेगळा."

या प्रश्नाचं माझं उत्तर तिच्या वाक्यात आहे. 'डोंगर' म्हटलं की तिच्या मनात पुस्तकातला डोंगर उभा राहायचा. समोरचा त्याच्याशी जुळला नाही, तेव्हा तिनं समोरच्यालाच वेगळं नाव देऊन टाकलं. जे चित्र आपण आधी आणि सगळ्यात जास्त वेळा पाहतो ते आपल्या मनात अस्सल ठरतं, आणि मग खऱ्या वस्तूलाच त्याच्यापुढे परीक्षा द्यावी लागते.

हे मुलांचं झालं. मोठी माणसं काय खिडकीबाहेर बघत नाहीत?

डोळे मिटा आणि लक्ष्मी आठवा. तुमच्यापैकी बहुतेकांना कमळावर उभी असलेली, साडी नेसलेली, चार हातांची, गोरीपान देवी दिसली असेल. शेजारी सोंडेत हार घेतलेला हत्ती असेल. हे रूप आपल्या मनात बसवलं राजा रविवर्मा यांनी.

रविवर्मा त्रावणकोरातल्या किळिमानूरचे. त्यांचा जन्म १८४८चा. युरोपीय पद्धतीची तैलचित्रं काढण्यात त्यांचा हातखंडा होता. राजवाड्यांसाठी काढलेली चित्रं छापून घरोघरी पोचवावीत म्हणून त्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. कार्ल्याची लेणी पाहायला आपण ज्या मळवली स्टेशनवर उतरतो, तीच मळवली. तंत्रज्ञ जर्मनीहून आले होते. छपाई दगडावरची. एका रंगाला एक दगड. गुळगुळीत घासलेल्या चुनखडी दगडावर चित्रातला तेवढाच रंग उमटेल अशी आकृती काढायची, कागद त्यावर दाबायचा, वाळवायचा आणि पुढच्या रंगाच्या दगडावर न्यायचा. केसभर जरी कागद सरकला तरी देवीच्या ओठांचा रंग गालावर जायचा. शेवटी वार्निश, म्हणजे कागद तैलचित्रासारखा चमकतो. पुढे हा छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला आणि चित्रं छापली जातच राहिली.

आता वेरूळच्या कैलास लेण्यात चला. दारातून आत शिरलं की समोरच भली मोठी गजलक्ष्मी आहे. कमळांनी भरलेल्या तळ्यात बसलेली, दोन्ही बाजूंनी हत्ती तिच्यावर पाणी ओतताहेत. कैलास आठव्या शतकातलं, म्हणजे रविवर्मांच्या हजार वर्षं आधीचं. शाळेची सहल घेऊन मी तिथं दोनदा गेले, आणि दोन्ही वेळा मुलांना ही लक्ष्मी आहे हे सांगावं लागलं. एकदा बरोबरच्या शिक्षकांनाही सांगावं लागलं. "पण बाई, साडी कुठंय?" हा प्रश्न तर ठरलेला. नव्या चित्रानं जुन्या देवीला अनोळखी करून टाकलं होतं.

मी या छापील चित्रांच्या विरोधात मुळीच नाही. ज्यांना देवळाच्या पायरीपुढे पाऊल टाकू देत नव्हते, त्यांच्याही भिंतीवर त्यांनी देव आणला. माझ्या आजीच्या देवघरात काचेच्या चौकटीतली सरस्वती होती, पांढऱ्या साडीतली, वीणा घेतलेली, जवळ मोर. तिच्याकडे बघत बघतच मी पहिल्यांदा पेन्सिल धरली. तिला कुणीतरी, कुठंतरी, कशावरून तरी रंगवलेलं आहे हे कळायला मात्र मला कला महाविद्यालयापर्यंत जावं लागलं. ते मुलांना लवकर कळावं, एवढीच माझी तळमळ आहे.

मग तुकोबांचा, शिवाजी महाराजांचा चेहरा तरी खरा आहे का?

दोघांचं उत्तर वेगवेगळं आहे.

तुकोबा गेले सतराव्या शतकाच्या मध्यावर. फोटो काढण्याची रीत जगापुढे आली १८३९ मध्ये. तरी 'तुकाराम महाराज' म्हटल्यावर एक ठरावीक चेहरा आपल्यासमोर येतो. त्यात १९३६च्या प्रभात फिल्म कंपनीच्या 'संत तुकाराम'चा मोठा वाटा आहे. त्यात विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले होते. पागनीसांचा तो शांत चेहरा लोकांच्या मनात असा बसला की पुढे त्यांनाच लोक तुकोबा मानू लागले. नटानं संताला चेहरा दिला आणि लोकांनी तो मनापासून घेतला. मला यात भक्तीचं काही उणं दिसत नाही. पण देहूच्या वाटेवर एखाद्या साध्या, रापलेल्या वारकऱ्याकडे बघून "तुकोबा असेही असतील" असं आपल्या मनात येत नाही, हे त्या ठरून गेलेल्या चेहऱ्यामुळेच.

महाराजांच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. त्यांच्या काळातली किंवा त्यांच्यानंतर थोड्याच वर्षांत दख्खनी चित्रकारांनी केलेली चित्रं जगात शिल्लक आहेत. अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये गोवळकोंड्याच्या शैलीतला एक चित्रसंग्रह आहे, त्यात महाराज आहेत. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्येही असं एक चित्र आहे. एका बाजूनं दिसणारा चेहरा, धारदार नाक, दाढी, मंदील.

पण एक काळ असा होता की इब्राहिमखान नावाच्या सरदाराचं चित्र महाराजांचं म्हणून आपल्याकडे सर्रास छापलं जायचं. कुणी शंका घेतली नाही, कारण सगळीकडे तेच दिसत होतं. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डच साधनांचा माग काढून अस्सल चित्र शोधलं आणि १९३३ मध्ये ते महाराष्ट्रापुढे ठेवलं. कागदपत्रांत मान घालून बसणाऱ्या एका माणसामुळे आपल्याला आपल्या राजाचा चेहरा परत मिळाला. ही गोष्ट सांगताना दरवेळी माझा आवाज भरून येतो.

पुढे कोल्हापूरचे जी. कांबळे यांनी रंगवलेलं महाराजांचं चित्र राज्य शासनानं अधिकृत म्हणून स्वीकारलं. कांबळे सिनेमाची पोस्टरं रंगवण्यात वाकबगार होते. कचेऱ्यांत आणि शाळांत आपण पाहतो त्या रूपामागे असा रंगवणारा हात आहे. वर्गात मी गोवळकोंड्याचं चित्र दाखवते तेव्हा एखादा तरी मुलगा नाराज होऊन म्हणतो, "हे महाराज वाटत नाहीत." त्याच्या मनातले महाराज मालिकेतले असतात, पिळदार दंडांचे. तीनशे वर्षांपूर्वीचा पुरावा त्याला खोटा वाटतो आणि गेल्या वर्षीचा नट खरा.

टीव्ही आल्यावर यात काही बदललं का?

वेग बदलला. १९१७ मध्ये दादासाहेब फाळक्यांच्या 'लंकादहन'मध्ये राम पडद्यावर आला की प्रेक्षक पायांतल्या वहाणा काढून ठेवायचे, असं जुने लोक सांगत आले आहेत. त्यात राम आणि सीता दोघंही अण्णा साळुंके नावाच्या एकाच पुरुषानं उभे केले होते. मात्र तो राम गावोगाव पोचायला वेळ लागला.

२५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं तेव्हा सगळा देश एका वेळी एकच राम बघत होता. मी तेव्हा लहान होते. आमच्या आळीत एकच टीव्ही. रविवारी सकाळी त्याला हार घातलेला असायचा, उदबत्ती लावलेली असायची आणि ओसरीपर्यंत माणसं बसायची. चित्राची ताकद कुठवर जाते ते पुढं दिसलं. १९९१ मध्ये सीता झालेल्या दीपिका चिखलिया बडोद्यातून आणि रावण झालेले अरविंद त्रिवेदी साबरकांठ्यातून लोकसभेवर निवडून गेले. 'महाभारत' मालिकेत कृष्ण झालेले आपले नीतीश भारद्वाज १९९६ मध्ये जमशेदपूरहून निवडून आले, आणि राम झालेले अरुण गोविल २०२४ मध्ये मेरठमधून. मतदारांना ही माणसं नट आहेत हे ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि मनावर उमटलेलं असणं यांत फार अंतर असतं. या साऱ्या विषयात मला हीच गोष्ट सगळ्यात अवघड वाटते.

'गोरी, सडपातळ' हे जाहिरातींनी आणलं का?

त्यांनीच आणलं असं म्हणणं खोटं ठरेल. 'गोरीगोमटी' हा शब्द आपल्या आज्यांच्या तोंडी होताच. पण छापील चित्रांनी त्याला खतपाणी घातलं. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर, दोघंही मूळचे गोव्याचे. त्यांच्या दिवाळी अंकांवरच्या सुंदर स्त्रिया घरोघरी जपून ठेवल्या गेल्या. रेषेवर काय हुकमत होती! मी आजही त्यांच्यावरून शिकते. पण त्या मुखपृष्ठांवर काळीसावळी नायिका क्वचितच असायची. १९७५ मध्ये गोरेपणाची क्रीम बाजारात आली आणि जाहिरातीतली सावळी मुलगी उजळली की तिला नोकरी मिळू लागली, नवरा मिळू लागला. सावळ्या रंगाला कमी लेखून दाखवू नये असा नियम जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेनं २०१४ मध्ये केला, आणि त्या क्रीमच्या नावातला गोरेपणाचा शब्द गेला तो २०२० मध्ये. पंचेचाळीस वर्षं, म्हणजे दोन पिढ्या त्यात घडून गेल्या.

माझ्या वर्गात हे एका खडूत दिसतं. चेहरा रंगवायची वेळ आली की मुलं एकमेकांना विचारतात, "स्किन कलर आहे का रे?" म्हणजे पेटीतला तो फिकट गुलाबी-पिवळसर खडू. वर्गातल्या एकाही मुलाची कातडी त्या रंगाची नसते. मी त्यांना तो खडू मनगटाशेजारी धरायला लावते. मग यलो ऑकर म्हणजे मातकट पिवळा, बर्न्ट सिएना म्हणजे तांबूस तपकिरी आणि किंचित अल्ट्रामरीन निळा घेऊन आपापल्या हाताचा रंग कालवायला सांगते. निळा घालायचा म्हटल्यावर मुलं बावरतात. पण सावळ्या कातडीच्या सावलीत निळा असतोच, आणि तो सापडला की पोरं हरखून एकमेकांचे हात शेजारी धरून बघतात. सहावीतली एक मुलगी तो कालवलेला रंग कागदाच्या कपट्यावर लावून कंपासपेटीत ठेवायची. तिच्या आईनं मला नंतर विचारलं, "हे काय शिकवता तुम्ही?" आणि थोडं थांबून म्हणाली, "मलाही शिकवा."

टीव्ही पाहून मुली खरोखर जेवण कमी करतात का, की हे आपलं उगाच?

फिजी बेटांवर याचा नीट अभ्यास झाला आहे. तिथं भरपूर खाणं आणि भरलेलं अंग ही चांगली गोष्ट मानत. नाड्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही पोचला. अॅन बेकर या अमेरिकी मानववंश अभ्यासक आणि मनोविकारतज्ज्ञानं तो नुकताच आला असताना शाळकरी मुलींची पाहणी केली आणि तीन वर्षांनी पुन्हा केली. खाण्याविषयीच्या प्रश्नावलीत धोक्याच्या पातळीवर गेलेल्या मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेल्या. वजनासाठी मुद्दाम उलटी करतो असं सांगणारी पहिल्या वेळी एकही मुलगी नव्हती, दुसऱ्या वेळी ११.३ टक्के होत्या. मुलींची संख्या दोन्ही वेळा साठ-पासष्टच होती आणि त्याच मुली पुन्हा घेतल्या नव्हत्या. म्हणून या आकड्यांवरून सगळं जग मोजू नये. पण तीन वर्षांत एवढं घडू शकतं, हे मला विसरता येत नाही.

तुमची मुलगी एकदम पोळी सोडू लागली, जेवणानंतर लगेच न्हाणीघरात जाऊ लागली, तर रागावू नका, डॉक्टरांना दाखवा. हे मी फार गंभीरपणे सांगते आहे.

सेल्फीत माझं नाक फताडं दिसतं. ते खरंच तसं आहे का?

नाही. हातभर अंतरावरून किंवा त्याहून जवळून काढलेल्या फोटोत जे लेन्सजवळ ते मोठं दिसतं. एक फुटावरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरच्यापेक्षा साधारण ३० टक्के रुंद दिसतं, असं अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये गणितानं दाखवलं. नाकाच्या शस्त्रक्रियेसाठी सेल्फी घेऊन येणाऱ्यांमुळेच त्यांनी ते काम हाती घेतलं. आरसा बघा, नाहीतर चार-पाच फुटांवरून कुणाला तरी फोटो काढायला सांगा.

कास पठारावर गेलो, पण रीलमधल्यासारखं काहीच दिसलं नाही. आम्ही चुकीच्या वेळी गेलो का?

बहुधा अगदी योग्य वेळी गेला होतात. कास आमच्या साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर, त्यामुळे हा प्रश्न मला पाहुण्यांकडून दर सप्टेंबरात येतो आणि दर वेळी मनाला लागतो.

कासचं वैभव बोटभर उंचीचं आहे. जांभ्याच्या कातळावर मातीचा पातळ थर, त्यात साचलेलं पावसाचं पाणी आणि त्यात उगवलेली इवली रोपं. गेंदाचं फूल म्हणजे पांढरी गुंडी. सीतेची आसवं निळसर जांभळी, नखाएवढी, आणि ती रोपं मातीतल्या पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून खातात. कवल्याचं पिवळं फूल लोक 'मिकी माउस' म्हणून ओळखतात, कारण त्यावर लाल ठिपक्यांचे डोळे असतात. ही फुलं पाहायला उकिडवं बसावं लागतं.

फोटोत गालिचा दिसतो तो असा. कॅमेरा जमिनीलगत ठेवला की दूरदूर उगवलेली फुलं एकामागे एक येतात आणि मधली मोकळी जागा लपते. बांधावर बसून ज्वारीचं शेत पाहिलं तर ते गच्च भरलेलं दिसतं, माळ्यावर चढलं की सऱ्या मोकळ्या दिसतात, तसंच. वर रंग गडद केले जातात, ढग वाढवले जातात. माणसं गाडीतून उतरून उभ्यानं बघतात तेव्हा त्यांना हिरव्यावर शिंपडलेले ठिपके दिसतात. "एवढंच?" म्हणतात. मग तो गालिचा मिळवायला आत शिरून आडवे पडतात आणि ज्या फुलांसाठी आले तीच अंगाखाली जातात. २०१२ पासून हे पठार जागतिक वारशात आहे. मधली काही वर्षं तिथं कुंपण घालावं लागलं होतं, आणि हंगामात रोजच्या प्रवेशाला मर्यादा असते.

गेल्या खेपेला मी मुलांना मोबाईल बसमध्येच ठेवायला लावले आणि प्रत्येकाला एक बांगडी दिली. वाटेच्या कडेला बांगडी ठेवायची आणि तिच्या आत जे दिसेल तेवढंच अर्धा तास काढायचं. पहिली पाच मिनिटं कुरकुर झाली. नंतर इतकी शांतता पसरली की पावसाचे थेंब टोप्यांवर पडताना ऐकू येत होते. एका मुलाच्या बांगडीत अकरा प्रकारची पानं निघाली.

बातम्या बघून वाटतं की जग फार बिघडलंय. मुलीला बाहेर पाठवायचीही भीती वाटते.

जॉर्ज गर्बनर नावाच्या संशोधकांनी अमेरिकेत यावर वर्षानुवर्षं काम केलं. टीव्ही जास्त बघणाऱ्या माणसांना जग प्रत्यक्षात आहे त्याहून जास्त धोक्याचं वाटतं, असं त्यांना आढळलं. पडद्यावर रोज खून आणि पळवापळवी दिसते. शेजारची बाई रोज सुखरूप घरी येते, पण तिची बातमी होत नाही. मुलीची काळजी घ्याच. फक्त भीती मोजताना पडद्याबरोबर आपली गल्लीही मोजा.

ही भीती जीव घेते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच माणसांना ठेचून मारलं. ते भिक्षा मागत हिंडणारे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातून आलेले. त्या काळात मोटारसायकलवरून मूल उचलून नेतानाचा एक व्हिडिओ देशभर फिरत होता. तो मुळात कराचीतल्या एका संस्थेनं मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेल्या जनजागृतीच्या फिल्मचा तुकडा होता. शेवटी मूल परत आणून ठेवतात आणि संदेशाची पाटी दाखवतात, तेवढा भाग कुणीतरी कापला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. माझ्या नववीच्या वर्गात मी ही घटना शिकवते, आणि तो तास संपल्यावर मला थोडा वेळ एकटीला बसावं लागतं.

चित्रांचं काही चांगलं होत नाही का?

होतं. भारतातल्या पाच राज्यांत, त्यात आपला गोवाही होता, गावांत केबल टीव्ही आल्यावर काय बदललं हे रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञांनी तपासलं. नवऱ्यानं मारणं योग्य आहे असं म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या, मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला. मालिकांतल्या शहरी बायका कामाला जाताना, स्वतः निर्णय घेताना दिसल्या आणि गावातल्या बाईला ते शक्य वाटू लागलं. चित्र बंद करा, टीव्ही फोडा असं मी कधीच सांगणार नाही.

एआयनं केलेली चित्रं ओळखायची कशी?

पूर्वी बोटं मोजा म्हणायचे. आता बोटं बरोबर येतात. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका, चित्र कुठून आलं ते विचारा. ज्यानं पाठवलं त्याला कुणी पाठवलं? पहिल्यांदा कुठं दिसलं? माहिती मिळाली नाही तर पुढे पाठवू नका. बेंद्र्यांनीही हेच केलं होतं, फक्त त्यांना त्यासाठी वर्षं घालवावी लागली.

कायदा करून हे थांबत नाही का?

फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून जाहिरातीतल्या मॉडेलचं शरीर संगणकावर बारीक किंवा जाड केलं असेल तर फोटोवर तसं लिहावं लागतं. नॉर्वेत जुलै २०२२ पासून तसाच नियम आहे, तिथं पैसे घेऊन पोस्ट टाकणाऱ्यांनाही तो लागू आहे. असे नियम हवेत. पण कोपऱ्यातली बारीक ओळ डोळा वाचेपर्यंत चित्र मनात जाऊन बसलेलं असतं.

घरी मुलांबरोबर काय करता येईल?

तीन गोष्टी मी स्वतः करून पाहिल्या आहेत.

एखादा फोटो घ्या आणि काढणारा कुठं उभा असेल ते मुलाला शोधू द्या. जमिनीवर झोपला होता? गच्चीवर होता? चौकटीच्या बाहेर काय असेल? हा खेळ मुलांना भयंकर आवडतो. सोसायटीच्या जाहिरातीतल्या हिरवळीवर तो खेळून बघा.

घरातल्या आजी-आजोबांचे चेहरे समोर बसून काढायला सांगा. सुरकुत्या काढताना मुलाला जे दिसतं ते दुसऱ्या कशात दिसत नाही. आजीला तासभर कुणीतरी नीट बघतं, हेही काही थोडं नाही.

आणि चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट या सरकारी परीक्षांना बसणाऱ्यांच्या पालकांना हात जोडून विनंती. स्मरणचित्रासाठी गाईडमधली तयार चित्रं पाठ करून घेऊ नका. भाजीबाजार, बसस्टँड, गणपतीची मिरवणूक हे विषय येतात. मुलाला सकाळी भाजीबाजारात न्या, परत आल्यावर आठवेल ते काढू द्या. भाजीवाली मान कशी वाकवते, तराजू कुठल्या हातात धरते, पिशवीचे बंद कसे ताणले जातात. गाईडमधली भाजीवाली चाळीस कागदांवर एकाच कोनातून बसलेली असते, आणि परीक्षकाला ते लगेच कळतं.

तुमच्या वर्गातली मुलं आता डोंगर कसे काढतात?

काही अजून त्रिकोणच काढतात. घरी मोठा भाऊ शिकवतो, किंवा हात तसाच वळतो. त्यांना मी गुण कापत नाही, खिडकीजवळच्या बाकावर बसवते.

"डोंगर वेगळा" म्हणाली होती ती मुलगी आता आठवीत आहे. गेल्या पावसाळ्यात तिनं अजिंक्यतारा काढला. माथा सपाट, खाली एकाखाली एक काळसर पट्टे, मधून उतरलेलं धुकं आणि उजव्या कोपऱ्यात दूरदर्शनचा मनोरा. मनोरा तिनं पट्टीनं काढला होता आणि तो जरा जाड झाला होता. तो खोडू का म्हणून तिनं मला विचारलं. मी म्हटलं, "खिडकीतून दिसतो ना? मग राहू दे."